भिंतीमागच्या बाटल्या : बिओन्दी-सान्ती घराण्याची गोष्ट

आज आपण जातोय इटलीला, तोस्काना प्रांतातल्या मोंताल्चिनो नावाच्या टेकडीवरच्या गावात. साल 1944. युद्धाची आघाडी गावाकडे सरकतेय. गावाजवळच्या ग्रेप्पो नावाच्या मळ्यात तान्क्रेदी बिओन्दी-सान्ती आणि त्याचा मुलगा फ्रांको तळघरात चक्क भिंत बांधतायत. का, तर मागे रेड वाइनच्या बाटल्या लपवायच्यात. त्यातल्या सगळ्यात जुन्या 1888 च्या.

एवढं काय होतं त्या बाटल्यांत? त्यासाठी तान्क्रेदीच्या वडिलांना भेटू. फेर्रुच्चो त्यांचं नाव. वयाच्या सतराव्या वर्षी गारिबाल्दीच्या फौजेतून बेझेक्काची लढाई लढलेला गडी. त्याच्या आईचे वडील क्लेमेंते सान्ती औषधशास्त्र शिकलेले, आणि त्यांच्या 1865 च्या वाइनला एका कृषी प्रदर्शनात बक्षीसही मिळालेलं. वडिलांचं बिओन्दी आणि आजोबांचं सान्ती, अशी दोन्ही आडनावं फेर्रुच्चोने जोडून घेतली.

तेव्हा युरोपभर फायलोक्सेरा ही कीड वेलींची मुळं पोखरत होती. उपाय निघाला तो अमेरिकन खुंटावर कलम करण्याचा. (आपल्याकडे नाशिक-सांगलीत डॉगरिजच्या खुंटावर कलमं करतात ना, तीच पद्धत, कारणं वेगळी.) फेर्रुच्चोने नव्या लागवडीसाठी आपल्याच मळ्यातल्या सांजोवेझे जातीच्या निवडक वेली घेतल्या. शेजारच्या कियान्तीत या द्राक्षात इतर जाती, अगदी पांढरी द्राक्षंसुद्धा मिसळायचे आणि वाइन लवकर पिऊन टाकायचे. याने मात्र एकच द्राक्ष वापरलं आणि वाइन ओकच्या मोठ्या पिंपांत वर्षानुवर्षं मुरू दिली. तीच ब्रुनेल्लो. वाइन बनवायची आपण आणि प्यायची नातवंडांनी, असा हिशोब! धंदा म्हणून मला हा सरळ वेडेपणा वाटतो. पण पुढे कायदाच तसा झाला : ब्रुनेल्लो फक्त सांजोवेझेची, आणि काढणीनंतर पाचवं वर्ष उजाडेपर्यंत विकायची नाही.

भिंतीमागच्या बाटल्या वाचल्या. पण बाटली नुसती ठेवूनही भागत नाही. बूच जुनं होतं, वाइन हळूहळू उडते, आत हवा शिरते. म्हणून या घरात एक रीत पडली. जुनी बाटली उघडायची, चव घ्यायची, वाइन चांगली असेल तरच त्याच वर्षाच्या दुसऱ्या बाटलीतून ती भरायची आणि नवं बूच बसवायचं. म्हणजे काही बाटल्या जगवायला एक रिकामी करायची! मला या सगळ्या इतिहासात हीच गोष्ट सगळ्यात जास्त आवडते. या हट्टाचं फळही मिळालं. 1999 मध्ये 'वाइन स्पेक्टेटर' मासिकाने विसाव्या शतकातल्या बारा वाइन निवडल्या. त्यात इटलीची एकच होती, यांची 1955 ची रिझेर्वा.

मग आलं 2008. मोंताल्चिनोतले काही उत्पादक ब्रुनेल्लोत दुसरी द्राक्षं मिसळतात, असा संशय आला, चौकशी लागली, वाइनचे साठे सील झाले. नियमच सैल करा, असंही काही जण म्हणू लागले. ऐंशी पार केलेला फ्रांको शुद्ध सांजोवेझेच्या बाजूने ठाम राहिला. त्याच वर्षी उत्पादकांनी मतदान केलं आणि मोठ्या बहुमताने जुना नियम कायम ठेवला.

फ्रांको 2013 मध्ये गेला. त्याचा मुलगा याकोपोने नव्वदच्या दशकातच मारेम्मा भागात मोन्तेपो इथे स्वतःच्या वाइन सुरू केल्या होत्या. 2016 च्या अखेरीस बातमी आली : ग्रेप्पोचा मोठा हिस्सा ईपीआय या फ्रेंच कंपनीने घेतला. पुढे याकोपो तिथून बाहेर पडला.

आज ग्रेप्पोच्या बाटलीवर बिओन्दी-सान्ती हेच नाव आहे. आणि मोन्तेपोला याकोपोच्या मळ्यात आहेत बीबीएस-11 या वाणाच्या वेली, म्हणजे ब्रुनेल्लो बिओन्दी-सान्ती क्रमांक 11, ग्रेप्पोच्याच मळ्यातून निवडलेला वाण. त्याच्या मुलाचं नाव तान्क्रेदी.