किडनीचा कॅन्सर आतड्यात पसरला, हे डॉक्टर ओळखतात कसं?

थकवा वाढलाय, हिमोग्लोबिन घसरलंय, शौचाला काळं होतंय. भंडारा जिल्ह्यात असा पेशंट दवाखान्यात गेला की आधी शंका येते सिकलसेलची, नाहीतर लोहाच्या कमतरतेची. पूर्व विदर्भात सिकलसेलचे पेशंट बरेच आहेत, त्यामुळे शंका चुकीची नाही. गडबड पुढे होते. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते आणि आतड्यातला रक्तस्राव त्या रंगाआड लपतो.

अशा रक्तस्रावाचं एक दुर्मीळ कारण म्हणजे किडनीतून आतड्यात आलेला कॅन्सर. किडनीचा कॅन्सर सहसा फुप्फुस, हाडं, लिव्हर, मेंदू इथे पसरतो, आतड्यात क्वचितच. पण त्याची एक वाईट खोड आहे. किडनी काढल्यावर 10 वर्षांनी, कधी त्याहूनही उशिरा तो दुसरीकडे डोकं वर काढतो. तोवर घरचे ते ऑपरेशन विसरलेले असतात. फाईल तर कधीच रद्दीत गेलेली असते.

गाठ सापडणंही सोपं नाही. तोंडावाटे केलेली एंडोस्कोपी लहान आतड्याच्या सुरुवातीपर्यंत पोहोचते, कोलोनोस्कोपी मोठं आतडं दाखवते. मधलं काही मीटर लांब लहान आतडं दोन्हींतून सुटतं. म्हणून दोन्ही रिपोर्ट नॉर्मल आले तरी विषय संपत नाही. मग सीटी स्कॅन होतो, किंवा गोळीएवढा कॅमेरा गिळायला देतात. आतडं अडलंय असं वाटलं तर कॅमेरा देत नाहीत, तो आतच अडकू शकतो.

खरा निकाल बायोप्सीचा. किडनीच्या सर्वांत जास्त आढळणाऱ्या कॅन्सरच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली रिकाम्या, पारदर्शक दिसतात. त्यांच्यातली चरबी तपासणीच्या प्रक्रियेत धुऊन जाते. मग प्रथिनांच्या खास चाचण्या करतात. 'पॅक्स-8' पॉझिटिव्ह आणि 'सीडीएक्स-2' निगेटिव्ह आलं तर बोट किडनीकडे जातं. आतड्याच्या स्वतःच्या कॅन्सरमध्ये सहसा उलटं असतं.

एवढा खटाटोप कशाला? कारण उपचार वेगळे आहेत. आतड्याच्या कॅन्सरची केमो किडनीच्या कॅन्सरवर फारशी चालत नाही. एकच गाठ असेल तर ऑपरेशनचा विचार होतो, नाहीतर टार्गेटेड गोळ्या आणि इम्युनोथेरपी.

त्यामुळे घरात कुणाची किडनी कॅन्सरमुळे काढली असेल, तर नागपूरला मोठ्या तपासण्यांसाठी जाताना जुना बायोप्सी रिपोर्ट सोबत ठेवा. रिपोर्ट नसेल तर ऑपरेशनचं वर्ष आणि हॉस्पिटल तरी सांगा. तिथे जपलेला मेणाचा ब्लॉक मिळाला तर नवी गाठ त्याच्याशी ताडून बघता येते. आणि एकच किडनी आहे, हे सीटीचं इंजेक्शन देण्याआधीच सांगा. क्रिएटिनिन बघूनच ते देतात.