प्रोसेस क्रमांक १ ची कुळकथा

संगणक सुरू झाला की कर्नल आधी मेमरी, डिस्क आणि बाकीची उपकरणे ताब्यात घेते आणि मग वापरकर्त्याच्या बाजूला एकच प्रोग्रॅम स्वतःहून चालू करते. त्याचा प्रोसेस क्रमांक १. लॉगिनच्या खिडकीपासून वेब सर्व्हरपर्यंत पुढे त्या बाजूला जे काही चालते, ती सगळी याच प्रोसेसची मुले, नातवंडे आणि पतवंडे. कुटुंबप्रमुख म्हणून दोन कामे त्याच्या गळ्यात कायमची बांधलेली असतात. एखाद्या प्रोसेसचा जन्मदाता आधी संपला तर तिला दत्तक घ्यायचे, आणि आपल्या पदरची एखादी प्रोसेस संपली की तिचा शेवटचा निरोप वाचून कर्नलच्या वहीतली तिची नोंद मोकळी करायची. निरोप कोणी वाचलाच नाही तर नोंद तशीच लटकत राहते. अशा नोंदीला झोंबी म्हणतात. कुटुंबप्रमुख स्वतःच गेला तर लिनक्सचे कर्नल ‘पॅनिक’ होऊन जागीच थांबते.

लिनक्सवर ही जागा आता बहुतेक ठिकाणी सिस्टमडी या सेवा-व्यवस्थापकाकडे आहे. तो बांधायला आणि चालवायला काय लागते याची यादी त्याच्या सोर्स कोडसोबतच मिळते आणि ती चांगलीच लांब आहे. या जागेवरच्या पहिल्या प्रोग्रॅमची, म्हणजे इनिटची, मागणी जवळजवळ शून्य होती. मधल्या पन्नास वर्षांत जी जी दुखणी निघाली, त्यांचे औषध या यादीत कुठे ना कुठे नोंदलेले सापडते.

युनिक्सचा जन्म १९६९ चा, बेल लॅब्समधला. नोव्हेंबर १९७१ मध्ये निघालेल्या त्याच्या पहिल्या मॅन्युअलमध्ये इनिट आहे. त्याची जन्मवेळ मात्र १९७५ च्या सहाव्या आवृत्तीच्या कोडमध्ये जास्त स्वच्छ दिसते. प्रोसेस बनवण्याची युनिक्समधली रीत एकच: असलेल्या प्रोसेसची नक्कल काढायची आणि त्या नकलेत नवा प्रोग्रॅम भरायचा. पण भरायला सांगणारा पहिला प्रोग्रॅम आणायचा कुठून? त्यासाठी कर्नलमध्ये ‘आयकोड’ नावाचे अकरा शब्द, म्हणजे २२ बाइट, हाताने लिहून ठेवलेले होते. त्यातले शेवटचे पाच शब्द म्हणजे इटीसी डिरेक्टरीतल्या इनिट फाइलचा पत्ता. कर्नल हे बावीस बाइट पहिल्या प्रोसेसच्या मेमरीत उतरवून तिला सोडून देई. तिने इनिट शोधायचे आणि स्वतःच इनिट होऊन जायचे. फाइल सापडली नाही तर पुढची आज्ञा एकच, ‘इथेच परत उडी मार’. मग यंत्र मुकाट्याने त्या एका आज्ञेवर फिरत राही. चूक झाल्याचे सांगण्याइतकीही जागा त्या अकरा शब्दांत नव्हती.

इनिट चालू झाले की ‘आरसी’ नावाची एक शेल स्क्रिप्ट चालवी. डिस्क जोडणे, जुना कचरा साफ करणे असली किरकोळ कामे तिच्याकडे असत. मग जोडलेल्या प्रत्येक टर्मिनलवर लॉगिन विचारणारा एकेक प्रोग्रॅम बसवायचा, आणि माणूस लॉगआउट झाला की तो पुन्हा बसवायचा. एवढ्यावर काम संपे. काही टर्मिनले आणि काही माणसे एवढेच विश्व असल्यामुळे त्याला बाकी काही कळण्याची गरज नव्हती.

पार्श्वभूमीत चालणाऱ्या प्रोग्रॅमनी हे विश्व वाढवले. त्यांना ‘डीमन’ म्हणतात. हा शब्द १९६३ च्या सुमारास एमआयटीच्या प्रोजेक्ट मॅकमध्ये रूढ झाला, आणि फर्नांडो कोर्बाटो यांनी त्याचे मूळ भौतिकशास्त्रातल्या मॅक्सवेलच्या काल्पनिक राक्षसाकडे नेले आहे. आपल्याकडच्या गोष्टीतले भूत ‘काम दे नाहीतर खातो’ म्हणून मालकाच्या मानगुटीवर बसते. हे भूत उलट, काम येईपर्यंत गप्प बसून राहते. १९८० च्या दशकात नेटवर्क पसरले तशी अशा गप्प बसलेल्यांची गर्दी झाली. १९८६ च्या ४.३ बीएसडीमध्ये त्यावर ‘आयनेटडी’ आले. सगळ्या पोर्टांवर हा एकटाच कान देऊन बसे आणि हाक आली की त्या त्या सर्व्हरला उठवी. ही कल्पना पुढे पंचवीस वर्षांनी नव्या अंगाने परत आली.

एटी अँड टीच्या घराण्यात मात्र वेगळी वाट निघाली. १९८३ च्या सिस्टम फाइव्हमधून ‘रनलेव्हल’ची, म्हणजे यंत्राच्या ठरावीक अवस्थांना क्रमांक देण्याची, पद्धत घरोघर पोचली. लिनक्ससाठी ती मिकेल व्हान स्मोरेनबर्ग यांनी सिसव्ही-इनिट या नावाने लिहिली, आणि लिनक्सवर काम करणाऱ्या एका अख्ख्या पिढीने तीच वापरली. रेड हॅटच्या जुन्या सर्व्हरवर तिसऱ्या रनलेव्हलची डिरेक्टरी उघडली की ‘एस१०नेटवर्क’, ‘एस१२सिसलॉग’, ‘एस५५एसएसएचडी’, ‘एस८०सेंडमेल’, ‘एस८५एचटीटीपीडी’ अशी नावे रांगेने दिसत. एस म्हणजे सुरू करा, के म्हणजे मारा. मधला आकडा म्हणजे रांगेतला नंबर. ही नावे म्हणजे दुसऱ्या डिरेक्टरीतल्या खऱ्या स्क्रिप्टकडे बोट दाखवणाऱ्या लिंका. वेब सर्व्हर ८५ वर का आणि मेल ८० वर का, याचे उत्तर कुठेही लिहिलेले नसे. कोणीतरी विचार करून नंबर लावलेला असे आणि मागून येणारा त्या नंबरांच्या फटीत आपली जागा शोधी. एकाचे आटोपल्याशिवाय दुसऱ्याचा नंबर लागत नसे, त्यामुळे नेटवर्क अडकले तर मागची सगळी रांग खोळंबे.

वेग हे त्यातले लहान दुखणे. मोठे दुखणे असे, की चालू केलेली सेवा जिवंत आहे की नाही हे इनिटला माहीतच नसे. डीमन होण्याची रीतच तशी होती: प्रोसेसने आपली नक्कल काढायची, स्वतः मरायचे, नकलेने पुन्हा तेच करायचे. या दुहेरी नकलेमुळे प्रोसेस टर्मिनलपासून तुटे आणि अनाथ होऊन इनिटच्या पदरात पडे. इनिटला ती दिसे, पण कोणाची कोण हे कळायला मार्ग नसे. म्हणून प्रत्येक डीमन आपला प्रोसेस क्रमांक एका छोट्या फाइलीत लिहून ठेवी आणि बंद करण्याची वेळ आली की स्क्रिप्ट तो क्रमांक वाचून त्यावर मरणाचा सिग्नल धाडी. आता डीमन आधीच कोसळलेला असेल आणि फाइल मागे राहिली असेल, तर? लिनक्सवर प्रोसेस क्रमांकांची मर्यादा मुळात ३२,७६८ होती. ती गाठली की जुने मोकळे क्रमांक पुन्हा वाटले जात. फाइलीतला क्रमांक तोपर्यंत भलत्याच प्रोसेसला मिळालेला असे, आणि सिग्नल त्या निरपराध प्रोसेसवर जाऊन पडे.

यावर इलाज बऱ्याच जणांनी केले. डॅनियल बर्नस्टाइन यांच्या डीमनटूल्सने सेवेला अनाथ होऊच द्यायचे नाही असे ठरवून प्रत्येक सेवेमागे एक राखणदार बसवला. सनच्या सोलारिस १० मध्ये एसएमएफ आणि ॲपलच्या मॅक ओएस एक्स १०.४ मध्ये लाँचडी, दोन्ही २००५ मध्ये आले. २००६ च्या उबंटू ६.१० मध्ये स्कॉट जेम्स रेम्नंट यांचे अपस्टार्ट बसले. ते घटनांवर चाले, म्हणजे अमुक झाले की तमुक सुरू करा. यातल्या लाँचडीची छाप पुढच्या वारसावर सर्वांत जास्त पडली.

३० एप्रिल २०१० रोजी रेड हॅटमधल्या लेनार्ट पोएटरिंग यांनी प्रोसेस क्रमांक १ चा नव्याने विचार मांडणारा एक दीर्घ लेख प्रसिद्ध केला. के सीव्हर्स यांच्यासोबत चाललेल्या या प्रकल्पाचे आधीचे नाव बेबीकिट होते. लेखात ते सिस्टमडी झाले. लेखातले साधे हिशेब त्यातल्या युक्तिवादांपेक्षा बोलके आहेत. पोएटरिंग यांच्या यंत्रावरच्या स्क्रिप्टांमध्ये मजकूर चाळणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमपैकी ग्रेपला ७७ वेळा, ऑकला ९२ वेळा आणि सेडला ७४ वेळा बोलावलेले होते. दर वेळी एक नवी प्रोसेस जन्मून काही ओळी चाळून मरायची. परिणामी वापरकर्त्याच्या पहिल्या प्रोसेसला लिनक्सवर १८२३ क्रमांक मिळत होता, मॅकवर १५४.

लेखातला मुख्य मुद्दा सॉकेटचा, म्हणजे प्रोसेसनी एकमेकींशी बोलण्याच्या जोडबिंदूचा, आणि इथे आयनेटडीची कल्पना परत येते. लॉग लिहिणारी सेवा आधी उठेपर्यंत बाकीच्या का थांबतात? तिच्या सॉकेटला जोडता यावे म्हणून. मग सगळी सॉकेटे व्यवस्थापकानेच आधी उघडून ठेवावीत आणि सगळ्या सेवा एकदमच सोडाव्यात. नव्या इमारतीत पत्रपेट्या आधी भिंतीला लागल्या की बिऱ्हाड यायच्या आधी आलेले पत्रही पेटीत सुरक्षित राहते. इथे पेटीचे काम कर्नलचा बफर करतो. तो भरलाच तर पाठवणारा तेवढा वेळ थांबतो. अशा सेवांपुरती नंबर लावण्याची गरजच संपली.

दुहेरी नकलेचे कोडे सोडवायला मात्र कर्नलची मदत लागली आणि इथूनच अटींची यादी वाढत गेली. २००६ मध्ये गूगलमधले पॉल मेनेज आणि रोहित सेठ प्रोसेसचे गट बांधण्याच्या सोयीवर काम करू लागले. जानेवारी २००८ च्या लिनक्स २.६.२४ मध्ये ती ‘सीग्रुप’ नावाने आली. एकदा गटात पडलेल्या प्रोसेसची मुले, नातवंडे त्याच गटात जन्मतात. कितीही नकला काढल्या तरी स्वतःच्या मर्जीने गट सोडता येत नाही, त्याला रूटचा अधिकार लागतो. सिस्टमडी प्रत्येक सेवेला स्वतंत्र गट देते. सेवा बंद करायची म्हणजे गट रिकामा होईपर्यंत त्यातल्या प्रत्येकाला संपवायचे. कर्नलमध्ये सीग्रुप हवेच, ही अट यातून आली.

बाकीच्या अटींनाही असाच इतिहास आहे. फाइलींवर नजर ठेवणारे आयनोटिफाय २००५ मधले. सिग्नल फाइलसारखा वाचू देणारे सिग्नलएफडी २००७ मधले, आणि घड्याळाच्या ठोक्याला तीच वागणूक देणारे टाइमरएफडी २००८ मधले. उपकरणांच्या फाइली कर्नलनेच बनवून देणारे डेव्हटीएमपीएफएस २००९ मध्ये आले. त्याच्या कर्त्यांत सीव्हर्स स्वतः होते. २००० साली कोणी सिस्टमडी लिहायला बसला असता तर त्याला यातले काहीच हाती नव्हते. यादीत काही अटी ‘हे नसावे’ अशाही आहेत. उपकरण जोडले की कर्नलने दर वेळी एक मदतनीस प्रोग्रॅम उठवायची जुनी सोय बंद ठेवावी लागते, कारण तेच काम करणाऱ्या यूडेव्हचा तिच्यामुळे गोंधळ उडतो. हे यूडेव्ह २०१२ मध्ये सिस्टमडीच्या घरातच राहायला आले.

लागणाऱ्या कर्नलचा आकडाही सरकत राहिला: सुरुवातीच्या काळात २.६.३९, मग ३.१५, आणि २०२५ च्या २५८ व्या आवृत्तीपासून ५.४. त्याच आवृत्तीत सीग्रुपच्या पहिल्या पिढीचा आधार काढून टाकला गेला. आता मार्च २०१६ च्या लिनक्स ४.५ मध्ये स्थिरावलेली दुसरी पिढीच चालते. प्रोसेस क्रमांक पुन्हा वाटला जाण्याच्या जुन्या दुखण्यावरही कर्नलने ५.१ ते ५.४ या आवृत्त्यांत इलाज दिला. पीआयडीएफडी नावाची ही मूठ एकदा धरली की क्रमांक दुसऱ्याला गेला तरी सिग्नल चुकीच्या दारात जात नाही.

या अटींची किंमत उघड होती: सिस्टमडी लिनक्सखेरीज कुठेच चालत नाही. बीएसडी कर्नलवर डेबियन हे वितरण चालवणाऱ्यांना ते झोंबले, आणि एकाच प्रकल्पाच्या पदरात इतके सारे असावे हे युनिक्सच्या रीतीत बसत नाही असे म्हणणारेही पुष्कळ होते. ती तक्रार निराधार नव्हती. लिनक्सच्या वितरणांपैकी फेडोरा १५ ने मे २०११ मध्ये सिस्टमडी स्वीकारली. डेबियनच्या आठ जणांच्या तांत्रिक समितीत फेब्रुवारी २०१४ मध्ये मते समसमान पडली आणि अध्यक्ष बडेल गार्बी यांच्या निर्णायक मताने कौल तिच्या बाजूने गेला. एप्रिल २०१५ मध्ये डेबियन ८ आणि उबंटू १५.०४ तिच्यासह आले. नाराजांनी देवुआन नावाने वेगळी चूल मांडली.

बांधणीच्या अटी त्यामानाने साध्या. भाषा सी. लायब्ररींपैकी अधिकार वाटून देणारी लिबकॅप आणि डिस्क जोडणारी लिबमाउंट. बांधणीचे अवजार आधी ऑटोटूल्स होते, २०१७ मध्ये मेसन आले. शब्दांची यादी घेऊन त्यातला शब्द झटपट शोधणारा सी कोड बनवणारे जीपर्फही लागते. सेवेचे वर्णन करणाऱ्या युनिट फाइलीतला शब्द ओळखीचा आहे की नाही हे त्या कोडवरून ठरते. बांधणारा त्याच वेळी सिस्टमच्या खात्यांची आणि माणसांच्या खात्यांची हद्दही आखून देतो. बहुधा ती १००० वर असते.

चालवण्याच्या अटींत मात्र जुने सामान भरपूर सापडते. यूएसआर ही डिरेक्टरी वेगळ्या डिस्कवर असेल तर मुख्य व्यवस्थापक उठण्यापूर्वीच ती जोडलेली पाहिजे. ती वेगळी झाली ती १९७० च्या दशकारंभी, बेल लॅब्समधल्या पीडीपी-११ ची डिस्क भरली म्हणून. ऑडिओ, डिस्क, व्हिडिओ, सीडीरॉम, टेप, डायलआउट हे गट यंत्र उठण्याच्या अगदी पहिल्या क्षणांतही, नेटवर्क नसताना, नावानिशी सापडले पाहिजेत, कारण उपकरणांची मालकी त्यांच्या नावे लागते. डायलआउट हा गट टेलिफोनच्या मोडेमसाठी काढलेला. आता यूएसबी केबलने जोडलेल्या आर्डुइनो बोर्डाशी बोलायलाही डेबियनवर त्याच गटात नाव घालावे लागते.

घड्याळाची मात्र अट नाही. रास्पबेरी पायच्या बऱ्याच बोर्डांवर बॅटरीवरचे घड्याळच नसते. वीज लावली की त्यांच्या कर्नलचा काळ १ जानेवारी १९७० पासून मोजायला लागतो आणि त्या तारखेला कुठलेच सुरक्षा प्रमाणपत्र वैध ठरत नाही. सिस्टमडी उठताच ते घड्याळ पाहते आणि आपल्या स्वतःच्या बांधणीच्या तारखेपेक्षा मागे असेल तर निदान त्या तारखेपर्यंत पुढे ढकलते. खरी वेळ नेटवर्क आल्यावर लागते.