विजातीय प्रभारांमधील विद्युत स्थितिज ऊर्जा

विजातीय प्रभारांमधील विद्युत स्थितिज ऊर्जा म्हणजे एक धन व एक ऋण प्रभार परस्परांपासून ठरावीक अंतरावर असताना त्यांच्या प्रणालीत असणारी ऊर्जा होय. ती एकट्या प्रभाराची नसून जोडीची असते. अंतर अनंत असताना ती शून्य मानण्याचा संकेत असल्याने विजातीय प्रभारांसाठी तिचे मूल्य नेहमी ऋण येते.

सूत्र

निर्वातात दोन बिंदुप्रभारांच्या गुणाकाराला त्यांमधील अंतराने भागून कूलोमच्या स्थिरांकाने (एस.आय. एककांत सुमारे ९ अब्ज) गुणले असता ही ऊर्जा मिळते. भाजक अंतर आहे, अंतराचा वर्ग नव्हे. वर्ग येतो तो बलाच्या सूत्रात. +२ व −३ मायक्रोकूलोम हे प्रभार ३० सेंमी. अंतरावर असल्यास ऊर्जा −०.१८ जूल, तर १० सेंमी. अंतरावर −०.५४ जूल असते. आकडा मोठा दिसला तरी ऊर्जा ०.३६ जूलने घटलेली असते. प्रभार मोकळे असल्यास तेवढीच गतिज ऊर्जा त्यांना मिळते.

ऋण चिन्हाचा अर्थ

ऋण ऊर्जा ही कल्पना विद्यार्थ्यांना खटकते. सातारा जिल्ह्यातील कोयना प्रकल्पाच्या उदाहरणाने ती स्पष्ट होते. शिवसागर जलाशयाचे पाणी बोगद्यांतून सह्याद्रीच्या पश्चिम पायथ्याशी पोफळी येथे सुमारे ४७५ मीटर खाली येते. या उतारात प्रत्येक किलोग्रॅम पाण्याची स्थितिज ऊर्जा सुमारे ४,७०० जूलने घटते. शून्य पातळी पोफळीस मानली तर जलाशयातील पाण्याची ऊर्जा धन ठरते. जलाशयासच मानली तर पोफळीच्या पाण्याची ऊर्जा −४,७०० जूल होते. फरक मात्र तोच राहतो आणि वीजनिर्मितीसाठी महत्त्व फरकालाच आहे. हेच पाणी पूर्वेस सोडल्यास कऱ्हाडजवळ कृष्णेस मिळून सांगलीकडे जाते. तिथवरचा उतार बराच कमी असल्याने ऊर्जेतील घटही कमी असते.

विजातीय प्रभारांच्या बाबतीत अनंत अंतर हे जणू जलाशयाचे स्थान होय. मात्र हे साम्य मर्यादित आहे. कोयनेच्या उतारावर गुरुत्वबल जवळजवळ स्थिर असते, तर प्रभार जवळ येताना आकर्षण झपाट्याने वाढते.

हायड्रोजन अणू

बोरच्या प्रारूपानुसार हायड्रोजनच्या निम्नतम अवस्थेत प्रोटॉन व इलेक्ट्रॉन यांची स्थितिज ऊर्जा −२७.२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट आणि गतिज ऊर्जा १३.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते. बेरीज −१३.६ येते; म्हणून इलेक्ट्रॉन अणूतून मुक्त करण्यास किमान १३.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा पुरवावी लागते.

परिभाषा

पाठ्यपुस्तकांत ‘प्रभार’ व ‘विभव’ हे शब्द रूढ आहेत. सातारा जिल्ह्यातील वाई येथे सिद्ध झालेल्या मराठी विश्वकोशात ‘विद्युत् भार’ व ‘वर्चस्’ हे पर्याय आढळतात. विभव म्हणजे एकक प्रभारामागील स्थितिज ऊर्जा. या दोन राशी एकच समजू नयेत.