एसीची कॉइल घरच्या घरी सुरक्षितपणे कशी स्वच्छ करावी?

पन्हाळा तालुक्यातील कोडोली आणि वारणाकाठच्या गावांत हिवाळाभर ऊसतोड चालते. पेटवलेल्या पाचटाची काजळी, गुऱ्हाळांच्या चुलवणांचा धूर आणि रस्त्यावरची धूळ घराघरांत पोहोचते. मार्चमध्ये एसी सुरू केला की हवा कमी येते, खोली गार व्हायला वेळ लागतो आणि ‘गॅस संपला’ असे समजले जाते. मात्र एसीतला गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही. तो कमी झाला असेल, तर कुठेतरी गळती असते. म्हणून आधी कॉइल पाहावी.

कॉइल म्हणजे काय?

कॉइल म्हणजे गॅस वाहून नेणाऱ्या नळ्या आणि त्यांवर बसवलेल्या ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्या. घरातली कॉइल खोलीतील उष्णता शोषते, बाहेरची ती उष्णता हवेत सोडते. पत्र्यांमध्ये धूळ भरली की हवा खेळत नाही. मग वीज जास्त लागते, कधी कधी आतल्या कॉइलवर बर्फही जमतो.

आतली कॉइल

१. केवळ रिमोटने एसी बंद करू नका. एसीचा एमसीबी खाली करा.
२. पुढचे झाकण उघडून जाळ्या काढा. साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवा.
३. मऊ, कोरड्या ब्रशने पत्र्यांच्या रेषेतच वरून खाली धूळ झाडा. आडवा ब्रश फिरवल्यास पत्र्या वाकतात.
४. उरलेल्या धुळीवर फवारा-बाटलीतून थोडे साधे पाणी मारा. बहुतेक स्प्लिट एसीत उजव्या बाजूला विजेचे भाग असतात. तिकडे पाणी जाऊ देऊ नका.
५. पाणी ड्रेन पाईपमधून बाहेर पडते का, ते पाहा. सर्व भाग पूर्ण वाळल्यावरच एमसीबी चालू करा.

बाहेरची कॉइल

बाहेरचे युनिट गच्चीवर किंवा जमिनीवर असेल, तरच हात लावा. एमसीबी बंद ठेवून आधी ब्रशने काजळी झाडा, मग नळाच्या मंद धारेने पत्र्या धुवा. युनिट भिंतीवर टांगलेले असेल, तर खिडकीतून वाकून धुण्याचे धाडस करू नका.

हे टाळा

• गाड्या धुण्याचा प्रेशर पंप वापरू नका, पत्र्या दबतात.
• शेतातला फवारणीचा पंप वापरू नका. त्यात उरलेले कीटकनाशक कॉइलवर बसते आणि झोपण्याच्या खोलीत पसरू शकते.
• चाकू किंवा स्क्रू ड्रायव्हरने मळ खरवडू नका. नळीला भोक पडले तर गॅस गळतो. हल्लीच्या अनेक एसींमधील आर-३२ आणि काहींमधील आर-२९० हे गॅस ज्वलनशील असतात.
• ॲसिड किंवा ब्लीच वापरू नका. ॲल्युमिनियम खराब होते.
• बाहेरच्या युनिटचे स्क्रू उघडू नका. आतल्या कॅपॅसिटरमध्ये वीज बंद केल्यावरही भार शिल्लक राहू शकतो आणि जोराचा झटका बसतो.

मेकॅनिकला कधी बोलवावे?

सफाईनंतरही बर्फ जमत असेल, घरात पाणी गळत असेल, जळका वास येत असेल किंवा नळीच्या जोडावर तेलाचे डाग दिसत असतील, तर एसी बंद ठेवून मेकॅनिकला बोलवा. त्याने ‘गॅस भरावा लागेल’ असे सांगितले, तर आधी गळती शोधून बंद करायला सांगा. गळती तशीच ठेवून भरलेला गॅस पुन्हा निघून जातो आणि पैसेही वाया जातात.

वापराच्या काळात जाळ्या दर पंधरा दिवसांनी धुवाव्यात. ऊस हंगाम संपल्यावर एकदा कॉइल पाहिली, की उन्हाळ्याची तयारी झाली.