लिव्हरपूलमधली अनेक दुकानं ‘द सन’ हा पेपर का ठेवत नाहीत?

‘अमुक स्ट्रायकर मँचेस्टर युनायटेडमध्ये येणार, डील पक्की!’ अशी पोस्ट भिवंडीतल्या एखाद्या फुटबॉलप्रेमी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर येते, तेव्हा तिचं मूळ बऱ्याचदा ब्रिटनमधल्या टॅब्लॉइड पेपरमध्ये असतं. पेपरवरून वेबसाइट, तिथून इन्स्टाग्राम, मग फॉरवर्ड. या प्रवासात ‘सूत्रांच्या माहितीनुसार’ हे शब्द गळून पडतात.

ट्रान्सफरची अफवा खोटी निघाली तर फार काही बिघडत नाही. पण १९८९ मध्ये नाव न दिलेल्या सूत्रांच्या भरवशावर छापलेल्या एका बातमीने अख्ख्या शहराला बदनाम केलं.

टॅब्लॉइड म्हणजे काय?

टॅब्लॉइड म्हणजे मुळात लहान आकाराचा पेपर. मुंबईकरांना ‘मिड-डे’मुळे हा आकार ओळखीचा आहे. ब्रिटनमध्ये मात्र या शब्दाला सनसनाटीचा वास आहे. ‘द सन’, ‘डेली मिरर’, ‘डेली स्टार’ यांची नावं लाल पट्टीवर छापलेली असतात, म्हणून त्यांना ‘रेड टॉप’ म्हणतात. यांचं शेवटचं पान खेळाचं, आणि तिथे फुटबॉलचं राज्य.

नेमकं काय घडलं होतं?

१५ एप्रिल १९८९. शेफिल्डच्या हिल्सबरो स्टेडियमवर लिव्हरपूल आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट यांच्यात एफए कपची सेमीफायनल होती. बाहेर गर्दी वाढल्यावर पोलिसांनी एक मोठं गेट उघडलं. लोंढा थेट आधीच भरलेल्या, जाळ्यांनी बंदिस्त भागात गेला. चेंगराचेंगरीत लिव्हरपूलचे चाहते गुदमरले. मृतांचा आकडा पुढे ९७ वर गेला.

चारच दिवसांनी, १९ एप्रिलला, ‘द सन’ने पहिल्या पानावर हेडलाइन दिली: ‘द ट्रुथ’, म्हणजे ‘सत्य’. काही चाहत्यांनी मृतांचे खिसे कापले, पोलिसांवर लघवी केली, जीव वाचवणाऱ्या पोलिसाला मारलं, असे आरोप त्यात होते. आधार होता नाव न सांगितलेल्या पोलिसांचा आणि एका खासदाराचा. इतर पेपरांनीही हे आरोप छापले होते. पण संपादक केल्विन मॅकेन्झी यांच्या ‘सन’ने त्यांना थेट ‘सत्य’ म्हटलं.

खरं काय निघालं?

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये न्यायमूर्ती टेलर यांच्या अहवालाने मुख्य दोष पोलिसांच्या नियंत्रणातल्या अपयशाला दिला. २०१२ मध्ये स्वतंत्र पॅनेलने दाखवून दिलं की, पोलिसांचे १६४ जबाब बदलले गेले होते. त्यातल्या ११६ जबाबांमधून पोलिसांना अडचणीचा मजकूर काढला किंवा बदलला होता. २०१६ मध्ये ज्युरीने निकाल दिला की हे मृत्यू बेकायदेशीर होते आणि चाहत्यांचा त्यात दोष नव्हता. घटनेला तोवर २७ वर्षं झाली होती.

शहराने काय केलं?

लिव्हरपूलने ‘सन’ घेणंच बंद केलं. तिथला खप कोसळला. पेपरने २००४ मध्ये पानभर माफी मागितली, २०१२ मध्ये पहिल्या पानावर मागितली, तरी बहिष्कार उठला नाही. फेब्रुवारी २०१७ मध्ये लिव्हरपूल क्लबने ‘सन’च्या पत्रकारांना आपल्या मैदानावर बंदी घातली. दोनच महिन्यांनी मॅकेन्झी यांनी एव्हर्टनच्या रॉस बार्कलीची तुलना गोरिलाशी केली. बार्कलीचे आजोबा नायजेरियन. मग एव्हर्टननेही बंदी घातली.

आजही तेच चालतं का?

शब्द निवडण्याचा खेळ सुरूच आहे. २०१८ मध्ये रहीम स्टर्लिंगने इन्स्टाग्रामवर ‘डेली मेल’च्या वेबसाइटच्या दोन हेडलाइन शेजारीशेजारी टाकल्या. मँचेस्टर सिटीच्या दोन तरुण खेळाडूंनी घरं घेतली होती. गोऱ्या फिल फोडेनने ‘आईसाठी घर घेतलं’ आणि कृष्णवर्णीय टोसिन अडाराबियोने ‘एकही लीग सामना सुरुवातीपासून न खेळता’ महागडं घर घेतलं. स्टर्लिंगच्या म्हणण्याप्रमाणे दोघांनीही घर आईसाठीच घेतलं होतं.

फॉरवर्ड करण्याआधी काय बघायचं?

माहिती देणाऱ्याचं नाव आहे का? क्लबने किंवा खेळाडूने दुजोरा दिलाय का? ज्याच्यावर आरोप आहे, त्याची बाजू आहे का? आणि हे सांगण्यात सांगणाऱ्याचाच फायदा आहे का? हिल्सबरोच्या बातमीत दोष चाहत्यांवर ढकलला गेला, तर सुटका पोलिसांची होणार होती. हा शेवटचा प्रश्न १९ एप्रिलच्या आधी विचारला असता, तर ती हेडलाइन छापलीच गेली नसती.