सोन्याचे मनगटी घड्याळ

पाटल्या, गोठ, मोहनमाळ यांविषयी आपणांपैकी कोणीही घटकाभर बोलेल. कोणता दागिना किती तोळ्यांचा, कोणत्या सराफाकडचा, हे आपल्याला तोंडपाठ असते. परंतु ट्रंकेच्या तळाशी फडक्यात गुंडाळलेले आजीचे किंवा सासूबाईंचे सोन्याचे घड्याळ निघाले, तर त्याची पारख आपल्याला नसते. आमच्या घरी असे एक होते. त्याचे काय झाले ते पुढे सांगते. आधी या दागिन्याची हकीकत ऐका.

मनगटावर घड्याळ बांधणे हा मूळचा बायकांचाच शृंगार, हे वाचून मला मोठे नवल वाटले. पुरुष साखळीला लावलेले घड्याळ खिशात ठेवीत. नेपोलियनची बहीण कॅरोलिन ही नेपल्सची राणी. तिने १८१० साली पॅरिसच्या ब्रेगे या कारागिराला मनगटी घड्याळ करावयास सांगितले आणि ते १८१२ साली तयार झाले. पट्टा केसांचा, त्यात सोन्याची तार गुंफलेली. ते घड्याळ आज कोठे दिसत नाही, पण कारखान्याच्या वह्यांत त्याची नोंद आहे. पुढे १८६८ साली जिनिव्हाच्या पाटेक फिलिपने हंगेरीतील एका सरदारपत्नीसाठी सोन्याच्या कंकणात घड्याळ बसविले. मग १९१४ ते १९१८ च्या महायुद्धात खंदकातल्या शिपायांना खिशातून घड्याळ काढणे अडचणीचे होऊ लागले, तेव्हा पुरुषांनी आपला हा जिन्नस उचलला आणि तो आपलाच म्हणून मिरविला!

त्यानंतर बायकांची घड्याळे लहान लहान होत गेली. १९२९ साली जेगर-लेकुल्त्र या स्विस कारखान्याने एक यंत्र केले, त्याचे वजन अवघे एक ग्रॅम. म्हणजे जेमतेम आठ गुंजा! इंग्लंडच्या राणी एलिझाबेथ यांच्या हातात १९५३ च्या राज्याभिषेकाच्या वेळी तेच यंत्र असलेले घड्याळ होते.

आता सोन्याकडे वळू. आपला डोळा बावीस कॅरेटला सरावलेला. विलायती घड्याळ मात्र नऊ, चौदा किंवा अठरा कॅरेटचे असावयाचे, कारण शुद्ध सोने मऊ आणि त्यात नाजूक यंत्र जपून राहावयाचे नाही. नऊ कॅरेटचा कस पाहून आपल्याकडे पुष्कळ जण 'हे पितळच' म्हणून मोकळे होतात. ते पितळ नव्हे. हजारात ३७५ भाग सोने त्यात असते. चौदाचा आकडा ५८५ आणि अठराचा ७५०. हे आकडे मागच्या झाकणाच्या आतल्या बाजूला ठोकलेले असतात. शिवाय स्वित्झर्लंडने १८८० च्या कायद्याने चित्रेही ठरविली होती. अठरा कॅरेटवर एका बाईचे मस्तक, चौदावर खार. १९९५ पर्यंत हीच चित्रे चालली, पुढे त्यांच्या जागी कुत्र्याचे तोंड आले. इंग्लंडात १ जून १९०७ पासून बाहेरून येणाऱ्या सोन्याच्या घड्याळांवरही तेथल्या तपासणी कचेरीचा शिक्का सक्तीचा झाला. त्यात एक अक्षर असते, त्यावरून साल काढता येते.

'रोल्ड गोल्ड', 'गोल्ड फिल्ड' किंवा 'वीस मायक्रॉन' असे लिहिलेले दिसले तर समजावे की वर पातळ पत्रा किंवा मुलामा आहे. काही जुन्या अमेरिकन झाकणांवर वीस वर्षांची हमी कोरलेली असते आणि बायका त्यावर भुलतात. अहो, सोन्याला हमी कशाला लागते? मुलाम्याला लागते! उलट पांढऱ्या सोन्याचे घड्याळ चांदीचे समजून कोणी पोराच्या हाती देते. तेही उघडून पाहावे.

किंमत करताना यंत्र आणि काच काढून मगच वजन करावयाचे, हे सराफाचे म्हणणे रास्तच आहे. पण कॅरेट विचारल्यावाचून वजनाला अर्थ नाही. पाच ग्रॅमचे झाकण नऊ कॅरेटचे असेल तर शुद्ध सोने दोन ग्रॅमही भरत नाही, अठराचे असेल तर पावणेचार. आतल्या 'सतरा ज्वेल' मात्र कृत्रिम माणकांच्या असतात, त्यांचे पैसे येत नाहीत. नामांकित कारखान्याचे, चालू स्थितीतले आणि तबकडी न रंगविलेले घड्याळ असेल तर ते मोडीत घालू नये, त्याला सोन्याहून अधिक देणारे गिऱ्हाईक असते. साध्या नावाच्या बायकी घड्याळाला मात्र सोन्यापलीकडे फारसे मिळत नाही, हेही खरे. १९६९ साली जपानच्या सायकोने क्वार्ट्झचे घड्याळ विकावयास काढले आणि चावीच्या घड्याळांचा मान उतरला. १९८० च्या जानेवारीत जगात सोने औंसाला ८५० डॉलरपर्यंत चढले, तेव्हा तर अशी किती घड्याळे मुशीत गेली!

आमचे गेले ते पुष्कळ नंतर. सासूबाईंचे वडील आगबोटीवर खलाशी होते. एडनला बोट लागली असता त्यांनी ते लेकीसाठी घेतले होते. १९६३ च्या सुवर्णनियंत्रणात चौदा कॅरेटवरचे नवे दागिने घडविण्यास बंदी आली, तेव्हा सासूबाई हसून म्हणत, "माझे आधीच परदेशचे आहे, मोरारजींना काय करायचे ते करू द्या." मोठे सोने नको पण हे असू द्या, असे त्या घड्याळाविषयी त्यांचे बोलणे असे.

मी घरात आल्यावर काही वर्षांनी सासऱ्यांच्या दुखण्यात पैसा उभा करावा लागला. मी आणि सासूबाई मिळूनच पेढीवर गेलो. सराफाने सुरीच्या टोकाने झाकण उघडले, पाठ करून पाहिले आणि "बाहेरचे सोने, चौदा धरतो," म्हणाला. आम्ही मान हलविली. झाकण आमच्याकडे वळवा, एवढे म्हणावयाचे आम्हा दोघींनाही सुचले नाही. आत बाई होती की खार, ते आम्ही पाहिलेच नाही.

यंत्र मात्र त्याने कागदाच्या पुडीत घालून परत दिले. सासूबाईंनी ते शिवणाच्या डब्यात ठेवले होते. त्यांच्या मागे तो डबा माझ्याकडे आला. चावी फिरविली तर अजून अर्धा दिवस चालते.