पेंढारी आणि गावची गढी

दिघोरी ज्या भंडारा जिल्ह्यात आहे, तो धानाचा व तलावांचा मुलूख एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता. १८०३ च्या देवगावच्या तहाने दुसऱ्या रघूजीच्या हातून कटक आणि वर्धेच्या पश्चिमेकडील वऱ्हाड गेले. उत्पन्न घटले, तसे राज्याचे बळही ओसरले. १८११ मध्ये पेंढाऱ्यांनी खुद्द नागपूरचे उपनगर जाळले. राजधानीचीच ही अवस्था, तेथे खेड्यांस कोण राखणार?

पेंढारी स्वारीवर जड तोफा वा पायदळ बरोबर घेत नसत. पावसाळा सरून नद्यांना उतार मिळाला म्हणजे ते निघत. धानाच्या कापणीचाही हंगाम तोच. त्यांचा सारा लाभ वेगात असल्यामुळे वेढा घालून बसणे त्यांस परवडत नसे. नागपूर राज्यातील अनेक ग्रामगढ्या याच काळात उभ्या राहिल्या, त्या या उणिवेवर बोट ठेवूनच. मातीची भिंत अजिंक्य असण्याचे कारण नव्हते. लुटारूंचे दोन प्रहर फुकट गेले की पुरे.

मात्र यास संरक्षण म्हणताना जपून बोलावे. गढीने जीव वाचविले. घरे व धानाची पुंजणी बाहेरच राहिली. बियाणे आणि बैल गेल्यावर वाचलेल्या शेतकऱ्यानेही पुढील वर्षी काय पेरावे? त्यात रघूजीच्या वाढत्या साऱ्याचा तगादा होताच. म्हणून गढ्या मोजून तगलेली गावे ठरविणे फसवे आहे. भिंतीच्या आत किती बैल मावत, हे पाहिले पाहिजे. १८१७-१८ च्या इंग्रजी मोहिमेत पेंढाऱ्यांची पथके मोडली. त्यांचा म्होरक्या चितू १८१९ मध्ये रानात वाघाच्या तोंडी पडला.